माणेकचौकात सँडविच खा, पण आधी तीन दरवाजाला थांबा

प्रति,
संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी तुमची अठरा-वीस वर्षांची वाचक. पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितेय, आणि तेही मोबाईलवर टाईप करतेय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. लांबलं तर खुशाल कापा, फक्त मधला दगडाचा भाग कापू नका एवढीच विनंती.

मागे तुमच्या रविवारच्या पुरवणीत अहमदाबादच्या माणेकचौकवर अर्धं पान आलं होतं. फोटो छान होते, तव्यावर बटरचा डोंगर वगैरे. पण अख्ख्या लेखात खाणं सोडून दुसरं काही नाही! वर शेवटी सल्ला, की रात्री नऊनंतरच जा, दिवसा तिथे बघण्यासारखं काही नसतं. हे वाचून मला राहवेना, कारण जानेवारीत संक्रांतीनंतर मी मुलीकडे गेले होते (ती तिथे आर्किटेक्चरला आहे) आणि एका दिवसात त्याच चौकात तीनदा जाऊन आले, सकाळी, दुपारी आणि रात्री. तिन्ही वेळा जागा तीच पण बाजार वेगळा.

नाशिकहून रात्रीच्या स्लीपर बसने गेले. कुठल्या ट्रॅव्हल्सने ते लिहित नाही, पण सापुताऱ्याच्या घाटात एसी बंद पडला आणि खिडकी उघडत नव्हती, तर ड्रायव्हर म्हणतो ताई आता सुरत आलंच. सुरत आलं तीन तासांनी. असो.

दुसऱ्या दिवशी लेकीने साडेसहालाच उठवलं. म्हटलं अगं थंडी आहे, तर म्हणे आई, चौक सकाळीच बघायचा. मेट्रोने घीकांटा स्टेशनला उतरलो. नाव ऐकून मला हसूच आलं. घीकांटा म्हणजे तूप वजन करायचा काटा, पूर्वी तिथे तुपाचा बाजार होता. तर मुलीने अजून एक गंमत सांगितली, की १८३०च्या दशकात इंग्रजांनी शहराचा पडका कोट दुरुस्त करायचं ठरवलं तेव्हा पैसा उभा करायला तुपावर कर बसवला होता, तुपावर आणि बाकी मालावर शेकडा एक. म्हणजे अहमदाबादकरांनी तूप खाऊन भिंत बांधली. त्यांच्याकडे बघून पटतं पण! कोट मूळचा गुजरातच्या सुलतान महमूद बेगड्याच्या वेळचा, १४८७चा सांगतात. आता भिंत फारशी राहिली नाही, विसाव्या शतकात बरीचशी पाडली, दरवाजे तेवढे उभेत आणि त्यांच्या आजूबाजूने रिक्षा फिरतायत.

चौकात पोचलो तर पहिल्यांदा दिसल्या गाई. रिकाम्या चौकात आरामात बसलेल्या, शेजारी बायका गवताच्या पेंढ्या विकतायत, आणि लोक स्कूटर थांबवून, पेंढी घेऊन, गाईला खाऊ घालून, नमस्कार करून ऑफिसला चाललेत. कोपऱ्यात भाजी. थंडीचे दिवस त्यामुळे पापडी, कंद, तुरीच्या हिरव्या शेंगा, उंधियूचा सगळा माल. वरती तारांवर उत्तरायणचे फाटके पतंग अजून लटकलेले. आणि मांजा तर एवढा की मान वर करून चालायचीच भीती वाटत होती.

आणि मग मला ती बाई दिसली. पन्नाशीची असेल, माझ्याच वयाची. हातात बारीक केसांचा ब्रश, शेजारी लोखंडी घमेलं. सराफाच्या बंद शटरच्या उंबऱ्यापासून गटाराच्या कडेपर्यंत ती इंच इंच झाडत होती, फरशीच्या फटीत ब्रशचं टोक घालून धूळ काढत होती आणि ती धूळ घमेल्यात नीट गोळा करत होती. मुलीला वाटलं सफाई कामगार. म्हटलं अगं नाही, ही झारेकरीण! आपल्या नाशिकच्या सराफ बाजारात पण आहेत की. सोनाराच्या दुकानातून, कपड्यांवरून, चपलेला चिकटून जे सोन्याचे कण बाहेर पडतात ते ही माणसं धुळीतून धुऊन धुऊन काढतात, शेवटी पारा वापरून गोळा करतात. गुजरातीत त्यांना धूळधोया म्हणतात. धूळ धुणारे, किती सरळ शब्द. मी तिला विचारलं केटलुं मळे, किती मिळतं, तर हसली आणि नुसता हात हलवला. म्हणजे कधी काही कधी काहीच नाही. मग परत खाली वाकली, कारण दुकानं उघडायच्या आत तिला तो पट्टा संपवायचा होता.

आता सांगा, हे रात्री नऊला कुठून दिसणार?

चौकाला माणेक हे नाव माणेकनाथ नावाच्या साधूवरून पडलं. गोष्ट तिथे सगळ्यांना पाठ आहे. अहमदशाह बादशहाने १४११ला शहर वसवायला घेतलं, किल्ला बांधायला लागले, तर हा बाबा दिवसा चटई विणायचा आणि रात्री दोरे उसवायचा, आणि दोरे उसवले की दिवसभर बांधलेली भिंत कोसळायची. शेवटी बादशहाने त्याला म्हटलं एवढी विद्या आहे तर या छोट्या भांड्यात शिरून दाखव, आणि बाबा शिरला आत आणि वरून बंद केलं त्याला. गोष्ट आहे, खरी-खोटी देव जाणे. पण त्याचं छोटं देऊळ चौकातच आहे, म्हणजे ज्याने भिंत पाडली त्याचंच नाव बाजाराला.

चौकाच्या एका अंगाला बादशहाचा हजिरो, म्हणजे अहमदशाहची कबर, आणि दुसऱ्या अंगाला राणीचा हजिरो, त्याच्या राण्यांच्या कबरी. बादशहाच्या मुख्य दालनात बायकांना जाऊ देत नाहीत, मी पायरीवरूनच बघितलं. राणीकडे मात्र सगळ्यांना जाता येतं, आणि नुसतं जाता येत नाही तर त्या चौथऱ्याला चारी बाजूंनी बाजार चिकटलाय. बांगड्या, चणिया-चोळ्या, ऑक्सिडाईजचे दागिने, आरशाचं काम, मुखवास. दोन दुकानांच्या मधून जिना वर जातो आणि वर एकदम शांतता, संगमरवरी कबरी आणि कबुतरं, आणि खालून आवाज बेन आवो ने, बेन जुओ तो खरा. मला ते फार आवडलं. मेल्यावरपण राण्या बाजारात! लेक म्हणाली आई तू फारच सिनेमा करतेस.

शेजारी जामा मशीद, १४२४ची, २६० खांब आहेत असं वाचलं होतं, पंचवीस-तीस मोजले आणि सोडून दिलं. तिचे मिनार १८१९च्या भूकंपात पडले ते परत बांधले नाहीत, त्यामुळे समोरून बघताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

दुपारी परत चौकात आलो तर ओळखूच येईना. गाई गायब, भाजी गायब, सगळी शटरं वर आणि सोन्या-चांदीचा बाजार सुरू. एका कडेला शेअर बाजाराची जुनी बिल्डिंग आहे. १८९४ला इथल्या दलालांनी आपली संस्था काढली, मुंबईनंतर देशातली दुसरी. म्हणजे सोनं आणि शेअर दोन्ही एका चौकात, आणि मधे गाय. गुजरात कळायला अजून काय लागतं!

माझ्या कानातल्याची फिरकी ढिली झाली होती म्हणून एका छोट्या दुकानात गेले. दुकान कसलं, चढायला तीन उंच पायऱ्या, आत पांढरी गादी, त्यावर म्हातारे काका, काचेच्या पेटीत काटा. काटा इलेक्ट्रॉनिक, पण पंख्याच्या वाऱ्याने आकडा हलू नये म्हणून पेटीचं दार लावून मगच वजन वाचायचे, आणि वाचून झालं की आकडा तोंडाने दोनदा म्हणायचे, एकदा स्वतःसाठी एकदा गिऱ्हाइकासाठी. फिरकी बसवून देताना माझं गुजराती ऐकून म्हणाले, तमे दक्षिणी? तिकडे मराठी माणसाला अजून दक्षिणी म्हणतात, आम्ही नाशिककर आणि दक्षिणी! म्हटलं हो. तर गालात हसत म्हणाले, तमारा लोकोए अमारी पासे बहु चौथ लीधी, एटले फिरकीना पैसा तो आपवा पडशे. तुमच्या लोकांनी आमच्याकडून फार चौथ घेतलीय, तेव्हा फिरकीचे पैसे तर द्यावेच लागतील. मी पण हसले, पण हसता हसता जरा चपापले.

कारण आपण शाळेत शिकलो अटकेपार झेंडे, पण झेंडा गेला त्या गावच्या माणसाला काय वाटलं हे कोणी शिकवलं नाही. अहमदाबादवर १७५८पासून १८१७पर्यंत मराठ्यांचा अंमल होता, पेशवे आणि गायकवाड दोघांचा मिळून, वसुलीत दोघांचा वाटा. आणि तिथल्या इतिहासात हा काळ काही सुवर्णकाळ म्हणून सांगत नाहीत, उलट शहर खालावलं, कोट पडका झाला, करांनी लोक हैराण झाले असंच सांगतात. म्हणजे ज्या कोटाची दुरुस्ती पुढे तुपावर कर लावून झाली तो आपल्याच कारकिर्दीत ढासळलेला. काका बोलले ते चेष्टेत बोलले, पण दोनशे वर्षं टिकलेली चेष्टा आहे ती.

काका पुढे म्हणाले की रात्री खाण्याच्या गाड्या लागतात ते आम्हाला बरंच आहे, मध्यरात्रीनंतरपर्यंत चौकात माणसं असतात मग शटरला हात लावायची कोणाची हिंमत. मला हे डोकं आवडलं.

मग ढालगरवाडात कापडं बघितली. बांधणीचा एक दुपट्टा घेतला, घासाघीस करून, आणि पुढच्याच दुकानात तोच तीस रुपयांनी स्वस्त दिसला, पुढचा तपशील नको. चांदला ओळ म्हणून एक गल्ली आहे, ओळ म्हणजे आपलीच ओळ, दुकानांची रांग. आणि पोळ म्हणजे बैल नाही बरं का, पोळ म्हणजे एका दरवाजाच्या आतली वस्ती, आपल्या वाड्यांची गल्ली समजा, कोपऱ्यावर पाखरांना दाणे घालायचा उंच चबुतरा. अशा शेकडो पोळी कोटाच्या आत आहेत आणि त्यामुळेच २०१७ला युनेस्कोने सगळं जुनं शहरच जागतिक वारशात घेतलं, भारतातलं पहिलं शहर. यावर मुलगी तासभर बोलू शकते. मी नाही.

चारच्या सुमाराला तीन दरवाजाला आलो. चौकातून पायी जेमतेम पाच-सात मिनिटं, गांधी रोडनेच. तीन मोठ्या कमानी, अहमदशाहच्याच काळातल्या, पलीकडे भद्रचा किल्ला आणि मधलं मैदान जे आता फेरीवाल्यांनी भरलंय. पट्टे, मोजे, गाऊन, कढया, प्लॅस्टिकच्या बरण्या. कमानीच्या आत एका कोनाड्यात दिवा तेवतो. त्याची पण गोष्ट आहे, की एका रात्री लक्ष्मी शहर सोडून निघाली तर दरवाजावरच्या सिद्दीक कोतवालाने तिला अडवलं, म्हणाला बादशहाची परवानगी आणतो तोवर थांबा, आणि बाजूला जाऊन स्वतःचं डोकं उतरवून ठेवलं, म्हणजे परवानगी कधी यायलाच नको आणि लक्ष्मी कायमची शहरातच राहील. तो दिवा तिचा, आणि पिढ्यानपिढ्या एक मुसलमान कुटुंब त्यात तेल घालतं.

मी दिव्याला हात जोडले आणि लेकीने माझा दंड धरून बाजूला ओढलं. म्हणाली आई, हे वाच.

दगडात बसवलेली पाटी, खोदलेली अक्षरं. आणि अक्षरं देवनागरी! गुजरातेत, सुलतानाच्या कमानीवर. मी चष्मा घरी विसरलेले, डोळे बारीक करून बघतेय, काही शब्द लागतायत काही नाही, शेजारचा गाऊनवाला म्हणतोय बेन जरा साईडमां. शेवटी तिनेच अर्थ सांगितला, कॉलेजात त्यांना हे दाखवायला आणलं होतं. हा १८१२चा हुकूम आहे, १० ऑक्टोबर १८१२. मराठ्यांचा सुभेदार चिमणाजी रघुनाथ याने काढलेला. आणि हुकूम काय, तर मुलीला बापाच्या मिळकतीतला तिचा वाटा विनाअडथळा मिळावा. ही श्रीविश्वनाथाची आज्ञा आहे. जो मोडेल तो हिंदू असेल तर महादेवाला जाब देईल, मुसलमान असेल तर अल्ला-रसूलला.

संपादक साहेब, मी तिथे गाऊनच्या ढिगाशेजारी किती वेळ उभी होते मला आठवत नाही.

आता थोडं घरचं सांगते. माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं, द्राक्षाची बाग. माझं लग्न १९९३चं. पुढच्याच वर्षी, १९९४ला, महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क देणारा कायदा केला, पण त्यात आधी लग्न झालेल्या मुली धरल्या नव्हत्या, म्हणजे मी एका वर्षाने चुकले. मग २००५ला देशाचा कायदा झाला, त्यात लग्न झालेली नाही झालेली असला भेद नाही. आणि २०११ला, वडील गेल्यानंतर, सातबाऱ्यावर वारसाची नावं लागली, त्यात माझं पण लागलं, आणि तीन महिन्यांत भावाचा फोन आला की ताई एक दिवस ये, सहीचं काम आहे.

कोणी दमदाटी केली नाही हो. उलट भाऊ स्वतः गाडी घेऊन घ्यायला आला, वहिनीने पुरणाचा स्वयंपाक केला होता. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात लाकडी बाकावर बसलो, तिथे माझ्यासारख्या अजून चार-पाच बहिणी बसलेल्या, सगळ्यांच्या अंगावर चांगल्या साड्या. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. हक्कसोडपत्र वाचून दाखवलं, त्यात एक वाक्य असतं की मी हे राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय करत आहे. फोटो, अंगठा, सही. येताना भावाने पैठणी घेतली. आई तेव्हा होती, ती एवढंच म्हणाली, माहेर राहिलं पाहिजे बाई. बस्स. आपल्याकडे किती बहिणींनी अशा सह्या केल्या असतील याचा हिशोब करायला गेलं तर गावच्या गावं निघतील.

मला कायदा माहीत नव्हता असं नाही, मी शाळेत क्लार्क आहे, कागद रोज हाताखालून जातात. मला हेच वाटत होतं की हा हक्क काल-परवा दिल्लीतून आलाय, नवीन आहे, आपल्या रीतीत बसत नाही, आणि आपण तो मागितला तर आपण आगाऊ. आणि इथे दगडावर लिहिलंय की १८१२ला, म्हणजे पेशवाई बुडायच्या आधी, आपल्याच एका सुभेदाराने भर बाजाराच्या तोंडाशी, जिथून अख्खं गाव येतं-जातं अशा दरवाजावर, मुलीचा वाटा द्या म्हणून खोदून ठेवलं. त्याने किती अंमल झाला, किती मुलींना खरंच वाटा मिळाला, याबद्दल मी काही बोलत नाही. हुकूम काढावा लागला म्हणजे लोक देत नव्हते, हे तर उघड आहे. आणि चौथ वसूल करणारे पण आपणच आणि हा दगड बसवणारे पण आपणच, एका खिशात दोन्ही ठेवावं लागणार. पण नवीन तर नव्हतं ना ते! रीतीत नव्हतं असं मला जे वाटत होतं ते तर खोटं निघालं ना.

रात्री परत माणेकचौक. आणि हो, तुमच्या लेखात होतं ते सगळं खरं आहे. सराफांच्या बंद शटरसमोर टेबलं-खुर्च्या, गाड्यांवर ट्यूबलाईट, पोरं मेन्यूकार्ड घेऊन रस्त्यात आडवी येतात, बेन आ बाजू, बेन बेसो. तव्यावर बटर पडतं ते चमच्याने नाही, लादीतून कापून. आम्ही घुघरा सँडविच घेतलं, त्यात चॉकलेट आणि चीज आणि कांदा-ढोबळी मिरची एकत्र, हे कोणाच्या डोक्यात आलं असेल आणि त्याला घरी जेवायला मिळत होतं की नाही असा प्रश्न पडतो, पण दुसरं मागवलं हे पण खरं. ग्वालियर डोसा आम्ही दोघींनी मिळून संपवला. वरून कुल्फी. जिथे सकाळी गाय बसली होती बरोबर तिथेच आमचं टेबल, मी खाली फरशीकडे बघत होते, झारेकरीण उद्या इथेच येणार, आता चीजमधून सोनं शोधणार.

खाता खाता लेक म्हणाली, आई, मग तू का सही केलीस?

मी म्हटलं, मला माहेर हवं होतं.

ती म्हणाली, आणि मामाला?

मामाला काय हवं होतं म्हणजे? असं मी विचारलं, तर म्हणाली, मामाला बहीण हवी होती की नव्हती? मग त्याला ती फुकट कशी मिळाली आणि तुला माहेर विकत का घ्यावं लागलं? एकवीस वर्षांची पोर. मी कुल्फी खात राहिले. उत्तर द्यायचं नव्हतं असं नाही, माझ्याकडे नव्हतंच.

आता मुद्द्यावर येते. माझी तक्रार लेखकावर नाही, खाण्यावर लिहावंच, लोक खायलाच जातात. पण अर्धं पान जागा होती आणि गुगलवर सापडणारे डोशाचे सहा प्रकार छापलेत, तर त्याच जागेत चार ओळी त्या दगडावर बसल्या असत्या की नाही? गुजराती वाचकाला त्याचं काही वाटेल न वाटेल, पण मराठी पेपरने नाही छापायचं तर कोणी? अहमदाबादला मराठी माणसं कमी नाहीत, आपले पहिले लोकसभा अध्यक्ष दादासाहेब मावळंकर तिथलेच वकील, तिथल्या नगरपालिकेचे पण अध्यक्ष होते, त्यांनी त्या कमानीखालून किती वेळा ये-जा केली असेल. दरवर्षी आपल्याकडून गाड्या भरभरून लोक द्वारका-सोमनाथला जातात, अहमदाबादला एक मुक्काम असतोच, रात्री चौकात खातात आणि सकाळी निघतात. टूरवाले दाखवत नाहीत कारण तिथे थांबलं की फेरीवाल्यांची गर्दी, बस लागत नाही, आणि दगड काही फोटोजेनिक नाही, काळपट आहे, आणि त्यावर लाईट पण नाही.

म्हणून जाणाऱ्यांसाठी माझ्याकडून एवढं लिहिते, ते छापलंत तरी पुरे. सकाळी आठच्या आत चौकात जा, शनिवार-रविवार सोडून जा. गाडी नेऊ नका, घीकांट्याला उतरून चाला. ज्यांना चालवतं त्यांनी महापालिकेचा हेरिटेज वॉक करा, तो काळूपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून निघून पोळींमधून फिरवत जामा मशिदीपाशी संपतो, १९९७पासून चालू आहे. तिथून माणेकचौक लागूनच. तीन दरवाजाला उजेड असताना जा आणि चष्मा घेऊन जा. बरोबर मुलगी असेल तर तिला वाचायला लावा, भाऊ असेल तर त्यालाही, मोठ्याने.

आणि जमलं तर त्या दगडाचा एक मोठा फोटो छापा, अक्षरं वाचता येतील असा. माझ्या मोबाईलमध्ये आहे तो हललाय, मागे गाऊन पण आलेत. तुमचे फोटोग्राफर असतीलच तिकडे कोणी.

माझं नाव छापू नका, भाऊ तुमचाच पेपर घेतो. दर भाऊबीजेला मी जाते, यंदाही जाणार आहे. नुसतं नाशिक छापलंत तर चालेल, नाशिक मोठं आहे, आणि तालुक्याचं नाव वर आलंय ते कापायला हरकत नाही. किंवा राहू द्या.

आपली,
एक वाचक, नाशिक